शेजाऱ्याने मांडायची अडचण

यशोधराताई वाहाने यांची आणि माझी पहिली गाठ भांडणाने पडली. ताईंच्या गौरवग्रंथासाठीचा हा लेख संयत असावा असं संपादकांनी सांगितलं आहे, पण ते भांडण गाळून ताईंविषयी लिहिणं म्हणजे मिठाशिवाय वरण वाढणं, आणि ते मला जमणार नाही.

गोंदिया तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गोरेगावच्या रस्त्याला, धानाच्या बांध्यांना लागून, विज्ञान-तंत्रज्ञान उद्यानाची पाटी लागली होती आणि पाटीमागे पत्र्याचे शेड उभे राहत होते. शेतमाल आणि वनोपज यांवर नवे प्रयोग करणाऱ्या लहान लहान संस्थांनी एका आवारात यावं आणि एकमेकींच्या आधाराने वाढावं, अशी योजना होती. मी पत्र्याचं काम करणारा माणूस. मळणी यंत्रांचे भाग, उफणणीचे पंखे, वाळवणाची ताटं बनवतो. मलाही एक शेड मिळाला. पहिल्याच आठवड्यात पत्रा ठोकत असताना एक बाई आत आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि हातोडा खाली ठेवा म्हणाल्या. मी ठेवला नाही. मग त्यांनीच तो माझ्या हातून काढून घेतला.

“या भिंतीच्या पलीकडं कोण बसते, भाऊ?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते काय बनवतात, असं त्यांनी विचारलं. तेही मला माहीत नव्हतं.

“भिंत एक, छप्पर एक, अन् माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मंग एका आवारात कायले आले? घरीच ठोकत बसाचं होतं.”

बाई, आपलं काम पाहा, असं मी त्यांना सुनावलं. हेच माझं काम आहे, असं म्हणून त्यांनी हातोडा परत दिला आणि त्या पुढच्या शेडमध्ये गेल्या. तिथूनही थोड्या वेळाने मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

ताई तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवत. उद्यानाच्या समन्वयकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते बाकी कोणाला नको होतं म्हणून. त्याला खुर्ची नव्हती, शिपाई नव्हता, अधिकार तर नव्हताच. काम काय, तर आवारातल्या संस्थांना एकत्र बसवून त्यांच्याकडून नव्या कल्पना निघतील अशी व्यवस्था करणे. वरच्या कार्यालयात हे वाक्य ज्याने कोणी लिहिलं, त्याला ते प्रत्यक्षात येईल अशी अपेक्षा बहुधा नव्हती. ताईंनी ते वाक्य खरं मानलं. पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ इथे आहे.

त्यांचं गाव चिचगडच्या बाजूचं. वडील तेंदूपत्ता तोडायला आणि जंगलातल्या लाकूडकामावर जात. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ताई आईच्या कडेवर होत्या. समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलायचं, ही आपल्याला बापाची शिकवण आहे, असं त्या सांगतात. वडिलांना मी एकदोनदा भेटलो आहे. फार मवाळ गृहस्थ होते. त्यामुळे या शिकवणीतला बराचसा भाग ताईंनी स्वतःच घातलेला असावा, असा मला संशय आहे.

आवाराच्या मधोमध एक मोठा शेड सामाईक कामासाठी मोकळा ठेवलेला होता. तिथे ताईंनी सगळ्यांना बोलावलं आणि त्या बैठकीला मंडई म्हटलं. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार म्हणजे आमचं लोकनाट्य होतं, रात्री नाटक होतं. ताईंच्या डोक्यात होतं की तशीच इथे कल्पनांची मंडई भरावी. प्रत्येक संस्थेने आपली अडचण घेऊन यावं आणि इतरांनी मिळून त्यावर डोकं चालवावं.

पहिल्या मंडईला सगळे आले. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ कमी पाण्यात करायचा प्रयोग चालवणारे बनवारीशेठ आले. त्यांच्या भिंतीला भिंत लावून लाख धुऊन, गाळून, तिच्या चकत्या म्हणजे चपडी करणारे देवाजी लांजेवार आले. सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या बायांचा गट मोहफुलांचे टिकाऊ पदार्थ करायचा, त्यांच्या पुढारी फुलवंताबाई मडावी आल्या. हा गट म्हणजेच माझ्या भिंतीपलीकडचे ते अज्ञात लोक. शेडच्या मध्ये पाण्याचा एक माठ ठेवलेला होता. काहींनी येताना पिशवीत स्वतःचं पाणी आणलं होतं. काऊन आणलं ते आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ताईंच्या ते नजरेतून सुटलं नाही.

“पाणी एकाच माठाचं आहे,” त्या म्हणाल्या. “ज्याले चालत नसन त्यानं हात वर करावा. आज त्याचीच अडचण पहिले घेऊ.”

कोणाचाही हात वर झाला नाही. पिशवीतल्या बाटल्या पिशवीतच राहिल्या. बनवारीशेठ उठले आणि त्यांनी पहिला पेला भरून घेतला. त्यांना तहान लागली होती की वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यांनी ओळखलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून आवारात माठ एकच राहिला.

एवढा भाग सोडला तर पहिली मंडई साफ फसली, आणि ती फसली ती आम्ही तिला खरंच मंडई समजलो म्हणून. मंडईला पाहुणे येतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही झाडीपट्टीतली माणसं अंगण सारवतो, इस्त्रीचे कपडे घालतो आणि घरात असेल नसेल ते चांगलंचुंगलं बाहेर काढतो. शेठनी चांदीच्या वाटीत तांदूळ आणला होता. लांजेवारांनी लाखेच्या चकत्या आरशासारख्या पुसून मांडल्या होत्या. मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. अडचण काय, असं ताई एकेकाला विचारत आणि जो तो हात जोडून, आपल्या कृपेने सगळं ठीक आहे, असं सांगे. फोटो निघाला. पोहे झाले. सगळे समाधानाने घरी गेले आणि एकही कामाची गोष्ट झाली नाही. निघताना ताई मला म्हणाल्या, पाहुण्यापुढं फुटकी चूल कोणी मांडते काय, मलाच समजायला पाहिजे होतं.

पुढच्या वेळी त्या एक नियम घेऊन आल्या. हा नियम कुठल्या पुस्तकात असेल तर मला दाखवावा. आपल्या घरचं कोणी सांगत नाही, शेजारच्या घरचं मात्र सगळ्यांना पाठ असतं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा यापुढे आपली अडचण आपण सांगायची नाही, ती शेजाऱ्याने मांडायची. ज्याची अडचण असेल त्याने फक्त मान हलवायची. मान हलेपर्यंत कोणी उपाय सुचवायचा नाही. आणि सुचवलेलं साधलं तर ते मी सुचवलं असं पुढे कोणी म्हणायचं नाही.

लांजेवार म्हणाले, हे तर चावडीवरचं भांडण होईल. ताई म्हणाल्या, भांडण आत्ताही आहे, फक्त भिंतीआड आहे. आणि त्यांनी पहिल्यांदा उभं केलं ते बनवारीशेठना. मांडायची होती ती लांजेवारांची अडचण. त्या दोघांचं बोलणं बंद होतं हे आवारातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

शेठ उठले आणि आपल्या नेहमीच्या हिंदीत म्हणाले, “लांजेवारजी का माल बोरे में चिपक जाता है. डल्ले बन जाते हैं. व्यापारी लौटा देता है.”

लांजेवारांची मान हलली नाही. पुन्हा मांडा, असं ताई म्हणाल्या. शेठनी उन्हाळ्याला दोष दिला. मान हलली नाही. मग पत्र्याच्या छपराला दिला. मान हलली नाही. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे जमिनीकडे पाहत होतो. ताई मात्र शेठकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पाहण्यात राग नव्हता. घाई तर मुळीच नव्हती. शेवटी शेठनी टोपी काढून हातात घेतली.

“मेरा बॉयलर इनकी दीवार से लगा है. दीवार तपती है. लाख उसी गरमी से पिघलती है.”

लांजेवारांनी मान हलवली. आता त्यांची पाळी होती. मला वाटलं, आता ते शेठला सोलून काढणार.

“शेठले माहीत हाय का बॉयलर चुकीच्या जागी बसला,” ते म्हणाले. “काढला तं प्रयोग बंद पडते. अन् चूक हाय म्हटलं तं घरचे पोरं म्हणतीन, बुढ्यानं सगळं पाण्यात घातलं. म्हणून हा माणूस माह्याशी बोलत नाई.”

शेठची मान लगेच हलली. डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी मी ताईंचा शिष्य झालो. वयाने मी त्यांच्याहून मोठा आहे, तरी झालो.

पाळी माझ्याकडे आली. मला फुलवंताबाईंच्या गटाची अडचण मांडायची होती आणि तोवर मी भिंतीपलीकडे डोकावून आलो होतो. मोहफुलं जमिनीवर वाळतात, त्यात माती जाते, आभाळ भरून आलं की काळी पडतात आणि आंबतात. बाईंची मान हलली. मग त्या तिन्ही अडचणी एकाच माठाभोवती बसल्या होत्या म्हणा ना. बॉयलरची वाया जाणारी गरमी लाखेच्या भिंतीवरून काढून नळाने मोहफुलांच्या ताटांखाली न्यावी, हे वाक्य कोण म्हणालं याबद्दल आजही मतभेद आहेत. लांजेवारांना वाटतं शेठ म्हणाले, शेठना वाटतं फुलवंताबाई म्हणाल्या. ताटं आणि नळ मी ठोकले. हवा किती खेचायची ते ताईंच्या विद्यार्थ्यांनी मोजलं. पहिल्या खेपेला फुलं भाजून निघाली आणि साऱ्या आवाराला असा वास सुटला की गेटवरचा पहारेकरी भट्टी कुठे लावली आहे ते शोधत फिरला. त्यानंतर जमलं. भिंत निवली, लाख सुटी राहिली आणि मोहफुलं आभाळाच्या मर्जीबाहेर वाळायला लागली.

पुढे वरून एक मोठं पथक हा वाळवणीचा प्रकार पाहायला आलं. त्यांना तो फार आवडला. ही कल्पना कोणत्या संस्थेची, असं त्यांनी विचारलं, कारण पारितोषिक एका संस्थेला द्यायचं होतं. आवाराची, असं ताई म्हणाल्या. कोणाचं तरी नाव लावावं लागेल, असं पथकप्रमुख म्हणाले. मग आवाराचं लावा, असं ताई म्हणाल्या. पारितोषिक गेलं. मला तेव्हा वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं, कारण नळ मी ठोकले होते. पण त्या दिवशी कल्पनेला एक धनी मिळाला असता, तर पुढच्या मंडईत जो तो तोंड शिवून बसला असता, हेही मला कळतं. मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या उद्यानांत काचेच्या खोल्या असतात म्हणे, एकत्र विचार करायच्या. असोत. आमच्याकडे माठ होता आणि मान होती.

ताईंच्या मायेविषयी लिहायचं तर मला माझीच अडचण सांगावी लागेल, आणि नियम मोडायला नको म्हणून फुलवंताबाईंनी ती कशी मांडली तेच सांगतो. आवारात मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध होतो. कोणी काही बोललं की मी अंगावर जायचो. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती. एका मंडईत माझ्यावर बोलायची पाळी बाईंची आली.

“कटरेभाऊ भांडखोर नाई,” त्या म्हणाल्या. “बहिरा होऊन राहिला. पत्रा ठोकू ठोकू कान गेले. लोकं बोलते ते त्याले अर्धं ऐकू येते, अन् उरलेलं त्याले वाटते का शिवीच असन.”

सगळे माझ्या मानेकडे पाहत होते. मान हलवणं ही किती जड गोष्ट आहे ते ज्याने कधी हलवली नाही त्याला कळणार नाही. एका शब्दाने मी भांडखोराचा बहिरा होणार होतो, आणि भांडखोराला निदान लोक थोडे भितात. ताई उठल्या नाहीत, समजूत काढली नाही, पुढची अडचणही घेतली नाही. नुसत्या थांबल्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण मी मान हलवली. मग मात्र कल्पनांचा पाऊस पडला. लांजेवारांनी पोत्यांचं अस्तर सुचवलं, शेठनी धानाचा भुसा देऊ केला, आणि तो भुसा पोत्यात दाबून माझ्या ठोकायच्या बाकाखाली आणि भिंतीला लावला तेव्हा आवाज निम्मा झाला. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला स्कूटरवर मागे बसवून गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत मी येत नाही म्हणून वाद घालत होतो आणि त्या काय उत्तर देत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. यंत्र कानात बसवून परत निघालो तेव्हा कळलं की त्या इतका वेळ गाणं म्हणत होत्या.

आता कुलपाची गोष्ट. ती टाळून पुढे जावं, असं एका मित्राने सुचवलं होतं. ती टाळली तर हा ग्रंथ कशाला काढला, असं मी त्याला विचारलं.

काही वर्षांनी आवाराचा कारभार पाहायला नवे साहेब आले. मधला शेड त्यांच्या डोळ्यांत खुपला. तिथे यंत्र नाही, माल नाही, नुसती माणसं बोलत बसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. गप्पा मारायला चहाची टपरी आहे, असंही ते म्हणाले. मधला शेड ते एका व्यापाऱ्याला गोदामासाठी देणार, अशी कुणकुण लागली. त्याच सुमारास आमच्या सगळ्यांच्या शेडचे करार नव्याने व्हायचे होते. बैठकांना जाणाऱ्यांनी आपल्या कराराचाही विचार करावा, असं साहेबांनी चहा पिता पिता एकदोघांच्या कानावर घातलं. मंडईच्या दिवशी आम्ही गेलो तर दाराला कुलूप होतं.

ताई आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. दारासमोर मोहाच्या झाडाखाली सतरंजी आणि तिच्यावर माठ. काही जण आपापल्या शेडच्या दारातून पाहत उभे राहिले, आणि त्यांना मी दोष देत नाही. शेड गेला की पोट गेलं. सगळ्यांत आधी आले ते बनवारीशेठ, स्वतः डोक्यावर खुर्ची घेऊन, कारण गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नसे. ती खुर्ची पाहिल्यावर उरलेले आले. मग साहेब आले, काय चाललं आहे ते पाहायला. ताईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आज पाहुण्यांची अडचण पहिल्यांदा घेऊ म्हणाल्या.

शेठनी मांडली. साहेबांना वरून रोज विचारणा होते की शेड रिकामा का, यंत्र दिसतं, पोतं दिसतं, बोलणं काही दिसत नाही, असं ते म्हणाले. साहेबांची मान हलली नाही. पुन्हा मांडा, असं ताई म्हणाल्या, कोणीही मांडा. तेव्हा फुलवंताबाई बोलल्या.

“साहेबानं शेड कोणाले तरी देऊन टाकला हाय. आता शबद माघारी घेता येत नाई, अन् आमच्याकडं पाहवत बी नाई.”

साहेबांनी मान हलवली नाही. त्यांनी पेला खाली ठेवला आणि ते उठून गेले. पण जाताना त्यांनी आमच्यापैकी कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

कुलूप काही निघालं नाही. वर अर्ज करू, असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, संपलं आता. ताई सतरंजी घडी करत होत्या. त्या म्हणाल्या, “मंडई एकाच गावात भरते काय? आज या गावची, उद्या त्या गावची. कुलूप एका दाराले लागते. आपल्याकडं किती दारं हायत ते पाहा.”

पुढची मंडई लांजेवारांच्या शेडमध्ये भरली, लाखेच्या पोत्यांवर बसून. त्यापुढची माझ्याकडे. मग फुलवंताबाईंकडे, मग शेठकडे बॉयलरच्या उबेला. आपल्या नावाच्या शेडमध्ये, करार तोंडावर असताना, मंडई भरवायची म्हणजे काय हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी प्रत्येकाने दार उघडलं. करार रखडले, टोमणे ऐकावे लागले, हेलपाटे झाले, पण शेवटी करार झाले. सगळ्याच शेडमध्ये मंडई भरत असेल तर काढणार कोणाकोणाला? मधल्या शेडमध्ये आज खताची पोती आहेत. राहू द्यात. तो गोदामवाला व्यापारीसुद्धा पुढे एकदा मंडईला येऊन दाराशी उभा राहिला. त्याच्या पोत्यांत उंदीर झाले होते, आणि ते शेजारी म्हणून मीच मांडलं. त्याने इतक्या जोरात मान हलवली की सगळे हसले.

ताई तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं समन्वयकपदही संपलं आणि ते पुन्हा कोणाला दिलं गेलं नाही. आता ही बैठक आपोआप बंद पडेल, असं कार्यालयात कोणीतरी म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं. माझ्या कानात आता यंत्र असल्यामुळे असलं काही चुकत नाही. तेव्हापासून ताई कोणत्याही पदाशिवाय येतात. गेटवर नाव लिहितात, कामाच्या रकान्यात ‘शेजारी’ असं लिहितात आणि आत येतात.

या वर्षी त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. सत्काराला त्यांनी आधी साफ नकार दिला. जिवंत माणसाच्या गळ्यात हार कायले घालता, असं त्यांनी विचारलं. ग्रंथाला होकार मिळाला तो त्यात प्रत्येक लेखकाने शेजाऱ्याविषयी खरं लिहावं या अटीवर. त्या अटीला धरून मी आता नियमाप्रमाणे ताईंची अडचण मांडतो. त्या माझ्या शेजारी आहेत. समोर असल्यासारखंच बोलतो.

ताई, तुमचे दोन्ही गुडघे गेले आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि तुम्ही ती एकेक मंडई पुढे ढकलत आहात. विचारलं की म्हणता, धान निघू द्या, मोहफुलांचा हंगाम होऊ द्या. हे सगळं शेठनी उन्हाळ्याला आणि छपराला दोष दिला होता तसं आहे. खरी गोष्ट अशी की तुम्हाला भीती वाटते. आपण नसलो की आम्ही पुन्हा इस्त्रीचे कपडे घालू, चांदीच्या वाट्या काढू, सगळं ठीक आहे म्हणू आणि पोहे खाऊन घरी जाऊ. साहेबाच्या कुलपाला न भिणाऱ्या बाई आमच्या पोह्यांना भितात.

आता तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. मागे तुम्ही तापाने पडून होता आणि पावसात यायचं नाही म्हणून मुलीने तुम्हाला घरात ठेवलं होतं, त्या दिवशी मंडई रद्द केली असं आम्ही तुम्हाला कळवलं. ती रद्द झाली नव्हती. फुलवंताबाईंच्या शेडमध्ये भरली होती. शेठच्या मुलाची मान बराच वेळ हलली नाही, लांजेवार दोनदा उठून बाहेर गेले आणि परत आले, आणि शेवटी जे निघालं ते म्हणजे सालेकशाच्या बायांकडे पाहून तुम्ही ज्याचं कौतुक केलंत ते नवं पाखडणीचं यंत्र. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प बसलो. आम्ही तुमच्याशिवाय भांडलो, ताई. चांगलं भांडलो.

तेव्हा शंभर वर्षं जगा, असा सरळ आशीर्वाद आम्ही देणार नाही. वयाने मी मोठा असलो तरी तो अधिकार माझा नाही. आमची मागणी आहे की पुढची सगळी वर्षं तुम्ही स्वतःच्या दोन पायांवर, काठीशिवाय, कोणाच्याही शेडमध्ये न विचारता घुसत घालवावीत, आणि समोरच्याच्या हातातला हातोडा काढून घेण्याइतकी ताकद तुमच्या मनगटात राहावी. त्यासाठी आधी नागपूर. तुम्ही परत येईपर्यंत माठ भरलेला राहील आणि दारं उघडी राहतील, हे आवारातल्या प्रत्येक भिंतीच्या वतीने मी लिहून देतो.

हा ग्रंथ मंडईतच प्रकाशित होणार आहे. तुम्ही मध्ये बसलेल्या असाल. हा लेख तिथे मोठ्याने वाचला जाईल, आणि वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवणार नाही, कोणी उपाय सुचवणार नाही, कोणी हारही घालणार नाही. शेठ, लांजेवार, फुलवंताबाई आणि मी, सगळे नुसते थांबू. थांबायला तुम्हीच शिकवलं आहे. तुमची अडचण शेजाऱ्याने मांडली, ताई. आता मान हलवा.